एकाच सिनेमाचे तीन आवाज

(पडदा काळा. फक्त आवाज.)

एक बाई ल्यूक नावाच्या पोराला हाक मारतेय. काकांना एक निरोप सांग म्हणतेय. नीट ऐका.

आता तोच प्रसंग पुन्हा. बाई तीच, ओठ तसेच हलतायत, वाक्यही तेच. आवाज मात्र दुसऱ्याच बाईचा.

(पडद्यावर चित्र उमटतं.)

ही 'स्टार वॉर्स'मधली बेरू काकू. साल १९७७. यातला एक आवाज खरा आणि दुसरा कुणीतरी मागाहून घुसडलेला, असं काही नाही. दोन्ही अधिकृत, दोन्ही त्याच वर्षी थिएटरात वाजलेले. काकू कुठल्या आवाजात बोलणार, हे तुम्ही कुठल्या थिएटरचं तिकीट काढलंत त्यावर ठरायचं.

२५ मे १९७७ ला हा सिनेमा अमेरिकेत लागला, तो जेमतेम तीसेक थिएटरांत. बड्या थिएटरांसाठी ७० मिलिमीटरची प्रिंट होती. तिच्यावर चुंबकीय पट्ट्या, टेपच्या फितीवर असतो तसाच लेप, आणि त्यांवर सहा वेगवेगळे ट्रॅक. त्यातले दोन तर केवळ घुमणाऱ्या खर्जासाठी राखून ठेवलेले. सुरुवातीलाच ते अजस्र जहाज डोक्यावरून सरकत जातं, तेव्हा पोटात जो गडगडाट जाणवायचा तो या दोन ट्रॅकचा. दुसरी प्रिंट ३५ मिलिमीटरची, डॉल्बी स्टिरिओ. तिथे डावा, मधला, उजवा आणि मागचा असे चार चॅनेल एका युक्तीने दोन ट्रॅकमध्ये बसवलेले. आणि तिसरी साधी मोनो. एकच ट्रॅक, सगळा आवाज पडद्यामागून.

मोनो म्हणजे गरिबाघरची आवृत्ती, असं वाटेल. पण हे मिश्रण सगळ्यात शेवटी झालं आणि घाईत राहून गेलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात आल्या. हान सोलो पळत सुटलाय, मागे शिपाई. शिपाई ओरडतात, 'दारं बंद करा!' दारं मिटतात, हान निसटतो आणि शिपाईच अलीकडे अडकतात. लगेच तेच बोंबलतात, 'दारं उघडा! उघडा दारं!' विनोद दोन वाक्यांचा. १९७७ च्या स्टिरिओत त्यातलं पहिलं वाक्यच नव्हतं, म्हणजे विनोदच नव्हता. तो मोनोत आहे. ट्रॅक्टर बीम म्हणजे जहाज खेचून धरणारा झोत. त्याची वीज नेमकी कुठे तोडायची, हे सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव मोनोत समजावून सांगतो. स्टिरिओत त्याबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या आवृत्त्यांत या दोन्ही गोष्टी घेतल्या गेल्या आणि आज बहुतेकांना त्या पहिल्यापासून होत्या असंच वाटतं.

तेव्हा 'मूळ आवाज' म्हणताना जरा थांबावं लागतं. या सिनेमाचे मूळ आवाज तीन आहेत. सिनेमांचे मूळ आवाज शोधून जपणाऱ्या ज्या चाहत्यांची ही गोष्ट आहे, त्यांना तिन्ही हवे आहेत.

(पडद्यावर: व्हीएचएस टेप, लेबलवर पेनाने लिहिलेलं नाव.)

१९९७ मध्ये जॉर्ज लुकास यांनी 'स्पेशल एडिशन' आणली. चित्र बदललं, आवाजही नव्याने मिसळला, आणि तीच यापुढची खरी आवृत्ती म्हणून जुनी बाजारातून मागे सरली. याच लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली होती, ती दुसऱ्यांनी जुने सिनेमे रंगवून, बदलून टाकण्याविरुद्ध. माणूस आपल्याच कामात फेरफार करतो तेव्हा त्याला अडवायचं कुणी, हा प्रश्न अवघड आहे. आमचं मत विचाराल तर त्याने हवे तेवढे बदल करावेत, फक्त आधीचं कपाटात कुलूप लावून ठेवू नये. २००६ मध्ये जुनी आवृत्ती डीव्हीडीवर आली खरी, पण जोडडिस्क म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) केलेल्या मास्टरवरून, म्हणजे पक्क्या प्रतीवरून. मोनो त्यातही नव्हती.

मोनो वाचली ती लोकांच्या घरात. सिनेमा टीव्हीवर दाखवला गेला, कुणी व्हीसीआरचं लाल बटण दाबलं आणि टेप माळ्यावर टाकून विसरून गेला. चाहत्यांनी अशा टेपा शोधल्या, त्यातली खरखर आणि गुणगुण काढली, जाहिरातींच्या जागी सांधे जुळवले. चित्र कामातून गेलेलं असलं तरी बिघडत नव्हतं. चित्रासाठी वेगळी माणसं खपत होती. त्यांनी १९७७ ची ३५ मिलिमीटरची प्रिंट स्कॅन करून '४के७७' नावाचा प्रकल्प उभा केला. आवाजवाल्यांचं काम त्या चित्राखाली जाऊन बसलं.

एकट्या 'स्टार वॉर्स'चं हे दुखणं नाही.

'जॉज'ला १९७५ सालच्या सर्वोत्तम ध्वनीचं ऑस्कर मिळालं, ते मोनो ट्रॅकला. २००० साली पंचवीस वर्षांची डीव्हीडी आली, तीत नवा ५.१ (सहा चॅनेलचा) मिक्स, नवे इफेक्ट, आणि ज्याला ऑस्कर मिळालं तो ट्रॅक गायब! लोकांनी ओरड केली आणि २००५ च्या डीव्हीडीत तो परत आला. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं १९९६ मध्ये मोठ्या कष्टाने पुनरुज्जीवन झालं. चित्र देखणं झालं, पण पावलं, दारं, गोळ्या हे आवाज नव्याने रेकॉर्ड केलेले, नव्वदच्या दशकातल्या डिजिटल थिएटराला शोभतील असे. १९५८ च्या सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ ची पिस्तुलं. 'द टर्मिनेटर'च्या ५.१ मध्येही बंदुकांचे आवाज बदलले. ज्यांनी मूळ ऐकलंय त्यांना पहिल्याच गोळीला कळतं.

नवा आवाज वाईट असतो असं नाही. बऱ्याचदा तो स्वच्छ असतो, खोलीभर फिरतो, दणकून वाजतो. पण मिक्सिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाने कधी तरी ठरवलेलं असतं, की इथे पाऊस मोठा आणि संवाद लहान, इथे संगीत पूर्ण बंद. त्याला एकच ट्रॅक मिळाला होता, म्हणून त्याने त्या एका ट्रॅकात जागा करायला काही आवाज टाकून दिले. पन्नास वर्षांनी सहा स्पीकर हाताशी आहेत म्हणून ते टाकून दिलेलं परत भरलं, तर तो निर्णय पुसला जातो.

(पडद्यावर: संगणकाचा पडदा, एकाखाली एक दोन ध्वनिलहरी.)

आता प्रत्यक्ष काम बघू. समजा दोन डिस्क हातात आहेत आणि दोन्हींवर छापलंय 'मूळ मोनो'. खरी कुठली? दोन्ही ट्रॅक संगणकावर एकाखाली एक लावायचे, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक जुळवायचे, आवाजाची पातळी सारखी करायची. मग त्यातल्या एकाची लहर उलटी करायची, वरचं शिखर खाली आणि खालचं वर. आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. जे जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. दोन्ही ट्रॅक तंतोतंत एक असतील तर काहीच ऐकू येत नाही. नसतील, तर त्या शांततेत अचानक ठॉ! एकटी गोळी वाजते. संवाद नाही, संगीत नाही, फक्त कुणीतरी नंतर चिकटवलेली ती गोळी. चोर रंगेहाथ सापडतो.

मूळ ट्रॅक मिळण्याची हुकमी जागा म्हणजे लेझरडिस्क. ताटाएवढी, तीस सेंटिमीटरची चकती. व्हीएचएसपुढे ती चालली नाही, आपल्याकडे तर फार थोड्यांनी पाहिली. पण तिच्यावर आवाज सीडीच्या दर्जाचा असायचा आणि कित्येकदा थिएटरसाठी बनवलेला स्टिरिओ मास्टर जसाच्या तसा तिच्यावर उतरवलेला असायचा. घरच्या प्रेक्षकासाठी वेगळा मिक्स करायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. पाच-सहा चॅनेलचा डॉल्बी डिजिटल ट्रॅक हवा असेल तर जरा खटपट असते. तो रेडिओ लहरीच्या रूपात एका अॅनालॉग चॅनेलच्या जागी लपवलेला आहे. तो सोडवायला वेगळं यंत्र लागतं आणि ते यंत्र आता जुन्या बाजारातच मिळतं. शिवाय दर तासाला डिस्क उलटायची, म्हणजे सिनेमाच्या मध्ये सांधा. आणि थरांमधला डिंक दगा देऊन आतला धातू गंजला, तर उरते ती चमचमणारी खरखर.

सगळ्यात मजेशीर प्रकरण डीटीएसचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडेही थिएटरबाहेर 'डीटीएस' असा ठसठशीत फलक लागायचा, आठवत असेल. जून १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क'बरोबर ही पद्धत आली. तिच्यात डिजिटल आवाज फिल्मवर नसायचाच! फिल्मवर चित्राच्या कडेला ठिपक्यांची एक बारीक रेघ, ती म्हणजे वेळेचा संकेत. आवाज वेगळ्या सीडी-रॉमवर. प्रोजेक्टर रेघ वाचायचा आणि डिस्कला सांगायचा, आता इथून वाजव. रीळ फाटलं, ऑपरेटरने चार फ्रेम कापून सांधलं, तरी आवाज चार फ्रेम पुढे उडी मारून बरोबर चित्रावर यायचा. त्यामुळे शंभर खेळांनंतर चित्रावर ओरखडे पडलेले, पण डिस्क पहिल्या दिवशी वाजली तशीच.

या डिस्क साध्या संगणकात उघडतात. आत रिळागणिक वेगळी फाइल असते, ती उलगडायला चाहत्यांनी प्रोग्रॅम लिहिले. यातही एक मेख आहे. थिएटरच्या डीटीएसमध्ये खर्जाला स्वतंत्र ट्रॅक नाही. ८० हर्ट्झच्या खालचा सगळा गडगडाट मागच्या स्पीकरांच्या ट्रॅकमध्ये घातलेला असतो, थिएटरातलं यंत्र तो गाळून सबवूफरला, म्हणजे खर्जाच्या स्पीकरला द्यायचं. हे माहीत नसलेला नवखा फाइल तशीच वाजवतो आणि डायनासोरचं पाऊल त्याच्या पाठीमागे पडतं.

याहून मोठा वाद आवाजाच्या तिखटपणावर आहे. थिएटरात पडद्यामागून येणारा आवाज वरच्या पट्टीत मवाळ होतो, तिथल्या यंत्रणेची मांडणीच तशी ठरलेली असते. मिक्स करणारा ते धरून चालतो. तोच ट्रॅक घरी लावला की 'स' आणि 'श' कानाला टोचतात. काही जण तो घरासाठी मऊ करून ठेवतात. आमच्या मते ठेवायची प्रत तरी न दुरुस्त केलेलीच असावी. मऊ काय, आपल्या खोलीत बसून कधीही करता येतं.

कायद्याचं म्हणाल, तर हे काम कुंपणावरचंसुद्धा नाही, बऱ्याचदा पलीकडचंच आहे. हक्क स्टुडिओचे. जपणाऱ्यांचा आपसात एक दंडक असतो: आधी अधिकृत डिस्क विकत घ्या, आणि यातून पैसा करू नका. तो सगळे पाळतात असं नाही. पण संस्था झोपलेल्या असतात तेव्हा राखण अशाच लोकांनी केलेली असते. वारंही आता थोडं फिरलंय. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची मूळ प्रिंट जाहीरपणे दाखवली, आणि २०२७ मध्ये पन्नाशीनिमित्त तीच आवृत्ती पुन्हा थिएटरात आणायचं लुकासफिल्मने जाहीर केलंय. तिन्हींतला कुठला मिक्स लावणार, हे विचारणारे आत्तापासून रांगेत आहेत.

(पडद्यावर: मुंबई, लॅमिंग्टन रोड.)

इथे मिनर्व्हा थिएटर होतं. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला आणि पाच वर्षं हलला नाही. ७० मिलिमीटर, सहा ट्रॅकचा स्टिरिओ. जयने उडवलेलं नाणं खाली पडल्याचा आवाज आला की लोक आपापल्या खुर्चीखाली वाकून बघायचे, असं आजही सांगतात. री-रेकॉर्डिस्ट, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळणारे, होते मंगेश देसाई, परळच्या राजकमल कलामंदिरमधलं दबदबा असलेलं नाव. संवादांच्या पॉलिडोरच्या रेकॉर्ड गावोगावी वाजल्या, त्यामुळे गब्बरचा शब्द न् शब्द पाठ. पण ते नाणं कुठल्या बाजूने खणखणत गेलं, हे रेकॉर्डवरून किंवा दूरदर्शनवरून कसं कळणार? ७० मिलिमीटरची एकही प्रिंट आज उरलेली नाही. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'शोले' पुन्हा उभा केला आणि जून २०२५ मध्ये तो इटलीत बोलोन्याला दाखवला, तेव्हा आवाजासाठी कामी आली ती मूळ साउंड निगेटिव्ह आणि जपून राहिलेला मॅग्नेटिक ट्रॅक. 'शोले'चं नशीब, की त्याच्यामागे सिप्पींचं घर होतं.

बाकीच्यांचं तसं नाही. डीटीएसच्या काळातली आपली कितीतरी सिंगल स्क्रीन बंद पडली, प्रोजेक्टर भंगारात गेले. केबिनच्या कपाटात कुठे कुठे सीडीची पाकिटं अजून पडून असतील. त्यांवर सिनेमाचं नाव आणि डिस्कचा क्रमांक असतो, गाण्यांची सीडी समजून कुणी प्लेअरमध्ये घातली तर काहीच वाजत नाही, आणि खराब आहे म्हणून ती फेकली जाते. तुमच्या ओळखीत कुणी जुने ऑपरेटर असतील, तर त्यांना एकदा कपाट उघडायला सांगा. सीडी ड्राइव्ह असलेला संगणक मिळतोय तोवर.