गाळ म्हणजे शिवी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय 'गाळ' या शब्दाबद्दल. विहिरीतून उपसतात तो गाळ नव्हे. संस्कृतात 'गालि' म्हणजे शिवी. तिची हिंदीत गाली झाली आणि जुन्या मराठीत गाळ. आज हा शब्द एकटा ऐकू येत नाही. 'शिवीगाळ' या जोडशब्दात तो उरलाय, छापील मराठीत 'गालिप्रदान' उरलंय, आणि एका दगडाच्या नावातही खुद्द गाळ उरलाय. तो दगड म्हणजे गधेगाळ, गाढवाची शिवी.

कोकणात आणि गोव्यात असे दगड शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात उभे दिसतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, तळाशी गाढव आणि स्त्री. राजानं जमीन दान दिली, तर ती चंद्र-सूर्य असेतो चालावी, हा वरच्या चित्राचा अर्थ. आणि जो कोणी हे दान मोडील, त्याच्या आईवर गाढव चढेल, हा खालच्या चित्राचा.

परळचा शिलालेख या बाबतीत फार मोलाचा आहे. शिलाहार राजा अपरादित्याचा हा लेख शके 1108 चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीचा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे, पण शाप द्यायची वेळ आली की लेख मराठीत उतरतो. हे शासन, म्हणजे दानाचा हा आदेश, मोडणाऱ्यावर वैद्यनाथ देवाचा कोप सकुटुंब होवो, असं तो म्हणतो आणि पुढे 'तेहाची माय गाढवें' असं सुरू होतं. पुढचं क्रियापद इथे उच्चारत नाही. ते आजच्या मराठीतही तेच आहे.

संस्कृतात शाप नव्हते असं नाही. ताम्रपटांत नेहमी येणारा श्लोक सांगतो की दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. शाप भयंकर खराच, पण तो कळायला संस्कृत यावं लागतं. बांधावरून नांगर पुढे सरकवणाऱ्याला थांबवायचं तर त्याच्या बोलीत बोलावं लागतं, आणि त्याला वाचता येत नसेल तर चित्र काढावं लागतं. म्हणून मला ही शिवी अश्लीलतेपेक्षा कायद्याच्या जवळची वाटते. शाप आणि शपथ हे दोन्ही शब्द 'शप्' या एकाच धातूचे. शपथ म्हणजे 'मी खोटं बोललो तर माझं वाईट होवो'. गधेगाळ म्हणतो, 'तू मोडलंस तर तुझं'. दोन्हींत 'तर' महत्त्वाचा. आपल्या तोंडी येणाऱ्या 'मेल्या', 'मुडद्या' या शब्दांतला 'तर' मात्र गळून पडलाय. मरणाचा शाप उरला, अट गेली.

हे दगड आज हाल सोसताहेत. कुठे देवी समजून शेंदराचे थर चढतात आणि अक्षरं बुजतात. कुठे अभद्र म्हणून पालथे घालतात, पायरीला लावतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून कुणी खडू किंवा ऑइलपेंट भरतं. तो सगळ्यात वाईट उपाय, कारण भरणारा आपल्याला वाटलेलं अक्षर रंगवतो आणि पुढचा वाचणारा तेच खरं धरतो.

तुमच्या गावात असा दगड असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढंच वापरा. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड नको. दगडाचा पापुद्रा जातो, त्याबरोबर मात्रा-वेलांट्या जातात. फोटो भर दुपारी काढू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, तिरपा उजेड असताना काढा. रात्री बॅटरी बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. उथळ कोरीव रेघेत सावली पडते आणि अक्षर वर येतं. आधी डावीकडून उजेड, मग उजवीकडून, मग वरून, कारण उजेडाच्या दिशेनंच जाणारी रेघ त्या फोटोत दिसत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवा. दगड जागचा हलवू नका. तो कुठल्या जमिनीच्या हद्दीवर उभा आहे, हाही त्या लेखाचाच भाग असू शकतो. आणि फोटो पुरातत्त्व खात्याकडे पाठवताना खालचं गाढव कापू नका.