शेपटी धरून चढायचा डोंगर

श्रोतेहो, नमस्कार. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा नावाची डोंगररांग आहे. तिथे उन्हाळ्यात, शक्यतो पौर्णिमेजवळचा शनिवार धरून, पहाटे घोडेस्वार निघतात ते ऑबर्न गाव गाठायला. अंतर १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, आणि मुदत २४ तासांची. ऑबर्नच्या वेंडेल रोबींनी १९५५ साली ही वाट पहिल्यांदा एका दिवसात पार केली. या स्वारीला 'टेव्हिस कप' म्हणतात.

इथे सगळं घोड्याच्या नाडीवर असतं. वाटेत पशुवैद्य थांबलेले असतात. नाडी मिनिटाला ६०-६४ पर्यंत उतरली, तरच पुढे सोडतात. हिरडी अंगठ्यानं दाबतात, पांढरी पडते, मग तिचा गुलाबी रंग किती झटकन परततो ते पाहतात. पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुरगुर ऐकतात. आपण उन्हातून आलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी देतो ना, तसे क्षार घोड्यालाही पाजतात. पुन्हा सांगते, सगळं घोड्याच्या नाडीवर.

माथेरानच्या चढावर घोड्याला टाच मारून "पळव, पळव" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. मला ते सहन होत नाही. अहो, चढ लागला की खाली उतरावं! टेव्हिसचे मुरलेले स्वार उतरतात, घोड्याची शेपटी धरतात आणि त्याच्या मागून पायी चढतात. उतारावर त्याच्या बाजूनं धावतात.

आता माझी आवडती गोष्ट. गॉर्डी एन्स्ली नावाचा एक तरुण होता, अंगानं चांगला दांडगा. १९७१ आणि १९७२ साली त्यानं ही वाट घोड्यावरून पार केली होती. १९७३ साली घोडा नवा होता. २९ मैलांवर, रॉबिन्सन फ्लॅटच्या थांब्यावर, घोडा लंगडू लागला. पशुवैद्यांनी थांबवलं. संपलं त्या वर्षीचं.

पुढच्या वर्षी काय करावं? ड्रुसिला बार्नर या बाईंनी त्याला धीर दिला. टेव्हिस कप जिंकणारी पहिली स्त्री म्हणजे ह्याच, १९६१ सालच्या. त्यांच्या प्रोत्साहनानं १९७४ साली गॉर्डी पहाटे घोड्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला. घोड्याशिवाय! सगळे खोगिरावर आणि हा एकटा आपल्या दोन पायांवर. आधी एक खिंड, साडेआठ हजार फुटांहून उंच. मग खोल दऱ्या. वारा कोंडलेला, ऊन भाजून काढणारं. दरीच्या तळाशी उतरायचं आणि लगेच पलीकडचा कडा चढायचा, असं एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. नंतर रात्र, नदी, अंधारातली पायवाट. गॉर्डी ऑबर्नला पोचला तेव्हा २३ तास ४२ मिनिटं झाली होती. अठरा मिनिटं हातात होती, श्रोतेहो, अठरा मिनिटं!

त्याच वाटेवर १९७७ पासून माणसांची धावण्याची शर्यत सुरू झाली. १०० मैल धावण्याच्या आजच्या शर्यतींचं मूळ तिथे आहे, एका लंगडलेल्या घोड्यापाशी. त्या दिवशी कुणी त्या घोड्याला तसंच रेटलं असतं तर?

टेव्हिसला निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच शेवटपर्यंत पोचतात. पोचल्यावरही स्वाराला घोडा पशुवैद्यांसमोर दुडक्या चालीनं चालवून दाखवावा लागतो. तो न लंगडता चालला, तरच चांदीचं बक्कल मिळतं.

नमस्कार.