शॉनींचा मका

[दृश्य: लिटल मायामी नदी, सकाळचं धुकं. काठाला उभा मका.]

ऑगस्ट महिना. अमेरिकेतलं ओहायो राज्य. लिटल मायामी नदीच्या काठचा हा मका पुरुषभर उंचीच्याही वर गेलाय. तुरे बाहेर पडलेत, कणसात दूध भरतंय. पेरणी यंत्राने झाली, कापणीही यंत्रानेच होईल. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. या भागातून गाडीने जाताना तासन्‌तास दुसरं काही दिसत नाही.

मका या मातीला नवा नाही. अडीचशे वर्षांपूर्वी इथे, आजच्या झीनिया गावाच्या उत्तरेला, शॉनी या मूळ अमेरिकी जमातीचं चिलिकाथी हे मोठं गाव होतं. नदीच्या गाळाच्या जमिनीत त्यांची शेतं होती. आणि ती शेतं बायकांची होती.

[दृश्य: जुना नकाशा, त्यावर सरकत जाणारा कॅमेरा]

शॉनी या नावाचा अर्थ दक्षिणेकडचे लोक. त्यांची भाषा अल्गॉंक्वियन कुळातली. समाजाच्या पाच शाखा: चिलिकाथी, थाविकिला, किस्पोको, मेकोचे आणि पेकोवी. गावाला शाखेचंच नाव. गाव हललं की नावही बिऱ्हाडाबरोबर निघायचं, म्हणून जुन्या नकाशांवर एकाहून अधिक चिलिकाथी सापडतात. आणि गावं बरीच हलली. सतराव्या शतकात इरोक्वॉय लोकांच्या स्वाऱ्यांनी शॉनी पांगले. काही पेन्सिल्व्हेनियात गेले, काही पार खाली सव्हाना नदीपर्यंत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते ओहायोच्या खोऱ्यात पुन्हा जमू लागले.

[दृश्य: मातीचा उंचवटा, त्यात बी टाकणारे हात. पूर्ण प्रक्रिया, घाई न करता.]

इथे सरी नाही, ओळ नाही. माती ओढून छोटे छोटे उंचवटे करायचे आणि प्रत्येकात मक्याचे काही दाणे. मका वीतभर वर आला की त्याच्याच बुडाशी घेवडा. मधल्या मोकळ्या जागेत भोपळा. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, त्याला वेगळा मांडव लागत नाही. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, तण दबतं, ओल टिकते. आपल्याकडे ज्याला मिश्रपीक म्हणतात, तेच हे.

वाळलेला मका नुसता उकडून भागत नाही. चुलीतली लाकडाची राख चाळून घ्यायची, ती पाण्यात घालून त्यात दाणे शिजवायचे. पाणी बुळबुळीत होतं, दाण्याचं साल सुटायला लागतं. मग सगळं टोपलीत ओतून वाहत्या पाण्यात खळाखळा धुवायचं. सालं निघून जातात, पांढरा फुगलेला दाणा उरतो. राखेच्या या पाण्याने मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगाला लागतं, एरवी ते लागत नाही. युरोपीय लोकांनी मका नेला, राख नेली नाही. पुढे इटलीत पिढ्यान्‌पिढ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला, तो यामुळेच.

नंतर कांडण. झाडाच्या ओंडक्याचं उखळ, लाकडाचं मुसळ. आवाज ऐका.

[दृश्य: फक्त कांडणाचा आवाज. निवेदन नाही.]

शॉनींची सृष्टी घडवणारी एक आजी आहे. कोकोमथेना, म्हणजे आमची आजी. ती वर बसून टोपली विणते. टोपली पुरी झाली की हे जग संपणार. पण दिवसभर विणलेलं तिचा कुत्रा रात्री उसवून टाकतो, आणि सकाळी आजी पुन्हा विणायला बसते.

गावाच्या कारभारातही बायकांचा शब्द होता. पुरुष मुखिया असत तशा स्त्री मुखियाही असत. पेरणी त्यांच्या देखरेखीखाली. लढाईला निघालेल्या टोळीच्या नायकासमोर जाऊन त्याला परत फिरवण्याचा मानही त्यांचाच.

[दृश्य: स्प्रिंगफील्डजवळ मॅड नदीचा काठ, गवताळ उतार]

आता तो ऑगस्ट. 1780. अमेरिकी सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क सुमारे 1000 माणसं आणि एक तोफ घेऊन केंटकीतून ओहायो नदी ओलांडून आला. चिलिकाथीच्या लोकांनी गाव स्वतःच पेटवलं आणि ते मागे सरले. 8 ऑगस्टला मॅड नदीकाठच्या पिक्वा गावावर तोफ चालली. लढाई एका दिवसात आटोपली. मागे उरला मका, शेकडो एकर.

ऑगस्टमधला मका हिरवा असतो. हिरवं पीक जळत नाही, कापावं लागतं. म्हणून क्लार्कची माणसं मागे थांबली आणि दूध भरलेली कणसं ताटांसकट कापत राहिली.

1782 मध्ये क्लार्क पुन्हा आला. 1786 मध्ये दुसरी फौज. 1794 मध्ये, पुन्हा ऑगस्टमध्ये, अमेरिकी जनरल अँथनी वेन मॉमी नदीवर पोचला आणि त्याने लिहून ठेवलं की कॅनडापासून फ्लॉरिडापर्यंत मक्याची एवढी अफाट शेतं आपण कुठेच पाहिली नाहीत. त्यानंतर ती त्याने तोडून जाळून टाकली.

शाळेच्या पुस्तकात वेनने जिंकलेली फॉलन टिंबर्सची लढाई येते. शेतं येत नाहीत.

[दृश्य: तहाच्या कागदाचा क्लोजअप, सह्यांच्या जागी खुणा]

3 ऑगस्ट 1795, ग्रीनव्हिलचा तह. आजच्या ओहायोचा बराचसा भाग गेला. शॉनींच्या वाट्याला दर वर्षी 1000 डॉलरचा माल.

याच अमेरिकी सरकारने पुढच्या दहाबारा वर्षांत शॉनींकडे नांगर पाठवले. शेती शिकवायला! वापाकोनेटा गावचे वृद्ध मुखिया ब्लॅक हूफ यांनी ते घेतले. लढून पाहिलं होतं, आता गुरं पाळू, कुंपण घालू, गिरणी घालू, पण जागा सोडायची नाही, असा त्यांचा हिशोब. क्वेकर पंथाचे लोक मदतीला आले. ब्लॅक हूफ यांनी वॉशिंग्टनमधल्या सरकारकडे जमिनीचा पक्का कागद मागितला. तो मिळाला नाही.

[दृश्य: वाबॅश आणि टिपेकनू नद्यांचा संगम. ड्रोन.]

शॉनी नेता टेकुमसे याने ग्रीनव्हिलच्या तहावर खूण केली नव्हती. त्याचा चेहरा आम्ही दाखवत नाही, कारण खात्रीचं असं एकही चित्र नाही. पोस्टरांवर दिसतो तो लोकांच्या मनातला टेकुमसे. जमीन सगळ्या जमातींची सामाईक आहे, एकट्यादुकट्या मुखियाला ती विकता येत नाही, हे त्याचं म्हणणं. त्याचा भाऊ टेन्स्क्वाटावा याला दृष्टान्त होत. दोघांनी 1808 मध्ये या संगमाजवळ गाव वसवलं, तिथे अनेक जमातींचे लोक आले. 7 नोव्हेंबर 1811 ला लढाई झाली, विल्यम हेन्री हॅरिसन या अमेरिकी सेनानीच्या फौजेने गाव जाळलं, साठवलेल्या मक्यासकट. टेकुमसे 5 ऑक्टोबर 1813 ला कॅनडात थेम्स नदीजवळ लढाईत मारला गेला. हॅरिसन पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

[दृश्य: वापाकोनेटा, मुख्य रस्ता]

वापाकोनेटा आज ओळखलं जातं नील आर्मस्ट्राँगचं गाव म्हणून. ब्लॅक हूफ 1831 मध्ये वारले. त्याच वर्षी 8 ऑगस्टला जमीन सोडण्याचा तह झाला. पिक्वावर तोफ चालली तीही 8 ऑगस्टलाच. 1832 च्या शरदात वापाकोनेटाचे शॉनी कॅन्ससच्या वाटेला लागले.

[दृश्य: कॅन्सस, मिशनच्या विटांच्या इमारती, मग छापील पानाचा क्लोजअप]

फेअरवे गावातल्या या विटांच्या इमारती मेथडिस्ट मिशनच्या. इथली शाळा 1839 मध्ये सुरू झाली. मुलांनी शिकायचं आणि राबायचं, दोन्ही. पण हे छापील पान त्याच्या आधीचं. 1835 मध्ये इथून जवळच्याच बॅप्टिस्ट मिशनमध्ये एका छोट्या छापखान्यावर 'सिविनोवे केसिब्वी', म्हणजे शॉनी सूर्य, हे वर्तमानपत्र निघालं. सगळा मजकूर शॉनी भाषेत. कॅन्ससमधलं हे पहिलं वर्तमानपत्र. इंग्रजी पत्रं नंतर आली.

1854 च्या तहाने कॅन्ससमधल्या 16 लाख एकर जमिनीतले 2 लाख एकर उरले. तहात काही शॉनींसाठी जमीन बाजूला ठेवली, पण ते तिथे हजर नव्हते. ते आधीच दक्षिणेला गेले होते. हजेरीपटावरचा हा शेरा पुढे त्यांना नाव म्हणूनच चिकटला: ॲब्सेंटी शॉनी. गैरहजर शॉनी! 1869 मध्ये दुसऱ्या एका गटाला चेरोकी या दुसऱ्या मूळ जमातीच्या राष्ट्रात सामील करून घेतलं, त्यांची वेगळी नोंद व्हायला 2000 साल उजाडलं. आज सरकारमान्य शॉनी जमाती तीन आहेत आणि तिन्हींची कार्यालयं ओक्लाहोमात.

[दृश्य: चेंडू, अगदी जवळून. शिवण दिसावी.]

हा चेंडू हरणाच्या कातड्याचा. आत हरणाचेच केस भरलेत. वसंतात मैदानावर एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. पुरुषांनी फक्त पायाने खेळायचं. बायकांना सगळी मुभा: हातात घ्या, फेका, पोटाशी धरून पळत सुटा. सत्तरीची आजी चेंडू घेऊन निघाली की तरण्या नातवांची काय पंचाईत होत असेल, ते तुम्हीच बघा.

खेळांमागोमाग येतो भाकरीचा नाच, इंग्रजीत ब्रेड डान्स. वसंतात तो पेरणीसाठी आणि पुढाकार बायकांचा. शरदात शिकारीसाठी, तेव्हा पुरुषांचा. बारा शिकारी, बारा स्वयंपाकिणी. बायकांनी केलेल्या भाकरी पुरुषांकडे जातात, शिकारीचं मांस बायकांकडे येतं.

तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही.

[दृश्य: रिकामी खुर्ची, फळ्यावर शॉनी शब्द]

2020 मध्ये या तीन जमातींपैकी शॉनी ट्राइबने भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. 2021 ते 2030 हे शॉनी भाषेचं दशक. वर्गाची सुरुवात लहान शब्दांनी होते. आभार मानायचे असले तर म्हणायचं, नियावे.

[दृश्य: पुन्हा ओहायो, तोच मका. कापणी यंत्र शेतात शिरतंय.]

चिलिकाथीच्या जागेजवळ, झीनियाहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून, 2024 मध्ये ग्रेट कौन्सिल स्टेट पार्क उघडलं. शॉनींच्या सभागृहाच्या घाटाची ही इमारत. आत काय मांडायचं, कसं सांगायचं, हे तिन्ही जमातींना विचारून ठरलं. त्यासाठी ओक्लाहोमातून माणसं इथे येत राहिली. रस्त्याच्या पलीकडे मका उभा होता.