दादरा बांधेपर्यंत

(अंगण, सकाळ. सुपात रातांब्याच्या साली.)

मालवणच्या किनाऱ्यालगतचं हे अंगण. मे संपत आलाय. ढग अजून समुद्रावरच आहेत, पण घरात घाई आहे. जून-जुलैत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात, वाटा चिखलात जातात. पावसाळाभर पुरेल ते आत्ताच घरात यायला हवं. कोकणात ह्याला आगोट म्हणतात.

(हात. साल रसात बुडते, बाहेर येते.)

रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडायचा, बिया काढायच्या, सालीला दिवसभर ऊन. संध्याकाळी मीठ घातलेल्या रसात ती बुडवायची, सकाळी परत उन्हात. असं पाच-सहा वेळा. आम्ही चित्रीकरणाला तीनच दिवस होतो, म्हणून सुपांत तुम्हाला निरनिराळ्या दिवसांच्या साली दिसतायत: ही कालची, लालभडक. ही चौथ्या दिवसाची, जांभळी. आणि ही काळी, चिवट, तिला आता आमसूल म्हणायचं. जिवाणू आणि बुरशी, दोघांनाही वाढायला पाणी लागतं. सालीतलं बरंचसं पाणी उन्हानं नेलं, उरलेलं मिठानं अडवून ठेवलं.

(जवळा उलथताना. आवाज तसाच ठेवा.)

हा आवाज ऐका. आजी मूठभर जवळा कानाशी नेतात. "खडखड वाजाक व्हयो." नाही वाजला, तर आणखी एक दिवस ऊन. इथे घड्याळ नाही, आर्द्रता मोजायचं यंत्र नाही, कान आहे.

(बरण्या उन्हात उपड्या.)

बरणी धुतल्यावर कापडानं पुसायची नाही, कारण कापडाचा ओलावा आत राहतो. ती उन्हात तापू द्यायची आणि पुरती निवल्यावरच भरायची. गरम मसाला गरम बरणीत घालून झाकण लावलं, की वाफ झाकणाला धरते आणि थेंब पुन्हा मसाल्यावर पडतो. मिरचीपुडीत वर हिंगाचे दोन खडे. मग तोंडाला दादरा, म्हणजे बांधायचं फडकं, घट्ट. ह्या बरणीत ओला चमचा घातल्याबद्दल घरातल्या मोठ्या सुनेनं पहिल्या वर्षी बोलणी खाल्ली होती. तिनंच हसत सांगितलं.

(कणगी. शेणानं लिंपलेलं तोंड.)

भात कणगीत, जमिनीपासून वर. खाली लाकडी ओंडके, म्हणजे पावसात जमिनीची ओल दाण्याला लागत नाही. कुळथाला राख चोळलेली, किडीसाठी.

(भुईमुगाचे दाणे निवडताना, जवळून.)

आजी एक दाणा बाजूला टाकतात: सुरकुतलेला, हिरवट बुरशीचा. दमट दाण्यावर वाढणाऱ्या ह्या जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. भाजलं, उकडलं, तरी ते पुरतं जात नाही. बुरशी पुसून टाकली तरी विष दाण्यात राहू शकतं. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली.

(स्वयंपाकघर. फ्रिज.)

फ्रिज आहे. आम्ही तो उघडायला सांगितला तेव्हा वीज गेली होती, म्हणून आतलं दृश्य नाही. बंद दार न उघडता साधारण चार तास थंडावा टिकतो. फ्रिज पाच अंशांखाली असला तरी जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. शिजलेला भात दुपारभर ओट्यावर ठेवून रात्री फ्रिजमध्ये सारणं घरोघरी चालतं. त्या भातात तोवर काही जिवाणूंचं विष तयार झालेलं असू शकतं आणि परत गरम केल्यानं ते जात नाही. इथे भात उरलाच तर परातीत पसरून लवकर निववतात आणि लगेच आत ठेवतात.

(संध्याकाळ. वारा. सुपं आत नेली जातायत.)

पश्चिमेला वीज चमकली. जवळा अजून एक दिवस मागतोय. आजी मूठ पुन्हा कानाशी नेतात, आणि सून सूप उचलून चुलीवरच्या माळ्याकडे निघते.