पायपर्स क्रीकचे चम, लाँगफेलोचे कोहो

(दृश्य: नोव्हेंबरचा पाऊस. ओढ्याकाठी गमबूट घातलेली माणसं.)

अमेरिकेतल्या सिएटलच्या उत्तर टोकाला, कारकीक पार्कमधून पायपर्स क्रीक हा ओढा वाहतो. इथला सॅल्मन हा चढणीचा मासा. समुद्रात वाढतो, विणीला ओढ्यात येतो आणि वीण आटोपली की मरतो. शहर वाढलं तशी इथली वीण संपली होती. आज चम जातीचे सॅल्मन पुन्हा चढतात ते स्वयंसेवकांमुळे. सुक्वामिश आदिवासींच्या मत्स्यबीज केंद्रातली पिल्लं ओढ्याकाठच्या तळ्यात काही आठवडे वाढवतात. या पाण्याचा वास त्यांच्यात मुरला की सोडून देतात.

तळ्याला जागा नसेल तिथे अंडी उबवायला २०० लिटरचं पिंप चालतं. वरच्या अंगाने नळी टाकून पाणी उताराने आणायचं, पंप नको. पाणी तळातून शिरतं, गोट्यांमधून वर चढतं आणि तोटीतून ओढ्यात पडतं. अंडी आत ठेवायची ती डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागल्यावरच. त्याआधी नुसत्या हिसक्यानेही मरतात. ८ अंशांच्या पाण्यात चमची अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात. पुढे जवळजवळ तेवढाच काळ पिल्लू पोटाच्या बलकावर जगतं. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ते वेळेवर उचललं नाही तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. आणि वादळी रात्री नळीच्या तोंडाची जाळी पानांनी तुंबली, तर सकाळपर्यंत पिंपातला प्राणवायू संपतो.

खरं तर पिल्लं सोडणं सोपं, ओढा विणीजोगा ठेवणं अवघड. मादी शेपटीने गोटे उकरून अंडी पुरते. त्या गोट्यांच्या फटींत गाळ बसला की अंडी गुदमरतात. म्हणून पाण्याला वळण द्यायला ओंडके टाकतात, मुळांसकट. लांबी पात्राच्या रुंदीच्या दीडपट तरी हवी, नाहीतर पहिल्याच पुरात ओंडका वाहून जातो.

(दृश्य: लाँगफेलो क्रीक, पश्चिम सिएटल. सुरीने चिरलेला मासा.)

इथला मासा कोहो, सॅल्मनचीच दुसरी जात. पहिल्या पावसानंतर कोहो तोंड वासून गोल गोल फिरतात आणि काही तासांत मरतात. स्वयंसेवक मेलेल्या मादीचं पोट चिरून पाहतात, अंडी तशीच भरलेली असतात. तोच मासा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून शेपूट कापून टाकतात. याचं कारण २०२० मध्ये सापडलं. ओझोनने टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन मिसळतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं क्विनोन हे विषारी द्रव्य बनतं आणि पावसात रस्त्यावरून ओढ्यात उतरतं. त्याच पाण्यात चमला मात्र काही होत नाही. म्हणजे चम परतले एवढ्यावरून ओढा सुधारला असं म्हणता येत नाही.

उपाय जमिनीत आहे. रस्त्याचं पाणी ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्टच्या थरातून झिरपवलं, तर कोहो जगतात. प्रयोगांत ते दिसलं आहे. थर सुमारे ४५ सेंमी जाड लागतो. वरची माती बारीक चिखलाने बुजली की पाणी साचतं आणि न गाळलेलंच बाजूने ओढ्यात जातं. त्यामुळे ती खरवडून काढायचं काम पाऊस सुरू व्हायच्या आत, सप्टेंबरातच उरकावं लागतं.