मागील पानावरून पुढे: नव्या सीझनचा पहिला भाग कसा पारखावा

मित्रहो, आज बोलायचंय ते अमेरिकी केबलवरच्या कॉमेडी-ड्रामाबद्दल, म्हणजे हसवता हसवता गंभीर गोष्ट सांगणाऱ्या मालिकांबद्दल, आणि त्यातही नव्या सीझनच्या पहिल्या भागाबद्दल. मालिकेचा अगदी पहिला भाग पारखणं त्या मानाने सोपं असतं, कारण तिथे पाटी कोरी असते. दुसऱ्या-तिसऱ्या सीझनचा पहिला भाग मागची बाकी, म्हणजे आधी घडलेलं आणि अर्धवट राहिलेलं, घेऊन येतो. समीक्षकाने आधी पाहायची ती हीच बाकी.

म्हणून नवा भाग लावण्याआधी मागच्या सीझनचा शेवटचा भाग पुन्हा बघा. आठवणीवर विसंबू नका, मधे वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कोण कुठे राहतंय आणि पोटापाण्याचं काय, कोणाला कोणाचं कोणतं गुपित ठाऊक आहे, आणि कोणता प्रश्न लटकलेला आहे. नवा भाग पहिल्यांदा बघताना पेन बाजूला ठेवा. दुसऱ्यांदा बघताना घड्याळ समोर ठेवून प्रत्येक प्रसंग कितव्या मिनिटाला येतो ते टिपा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिरातींच्या वाहिनीवर साधारण बावीस मिनिटं हाती लागतात, शोटाइमसारख्या बिनजाहिरातीच्या वाहिनीवर अठ्ठावीसच्या आसपास. जाहिरातीआधी प्रेक्षकाला अडकवून ठेवायचं म्हणून प्रसंग मुद्दाम ताणला जातो. तो ताण लेखकाच्या माथी मारण्याआधी वाहिनी कोणती आहे ते बघा.

एक उदाहरण जवळून पाहू. एफएक्स या जाहिरातींच्या वाहिनीवरच्या ‘अटलांटा’चा पहिला सीझन नोव्हेंबर २०१६मध्ये संपला. चुलतभाऊ आल्फ्रेडच्या रॅपचं व्यवस्थापन पाहणारा अर्न शेवटच्या दृश्यात एका भाड्याच्या गोदामखोलीत झोपायला जातो. दुसरा सीझन उघडला तो थेट १ मार्च २०१८ला. सुरुवातीला ओळखीचा एकही चेहरा नाही. दोन पोरं व्हिडिओ गेम खेळत असतात, मग गाडी काढून तळलेली कोंबडी विकणाऱ्या फास्ट-फूड दुकानावर दरोडा घालायला जातात. गोळीबार होतो आणि शेवटी गाडीतून रक्ताने माखलेली मुलगी किंचाळत बाहेर येते. मगच अर्न दिसतो, त्याच गोदामखोलीत, आणि तिथूनही त्याला हाकललं जातं.

बाकी कशी पुढे ओढली ते बघा. सोळा महिन्यांनंतरही अर्न त्याच खोलीत आहे. ‘मध्यंतरी बरंच काही घडलं’ म्हणून लेखकाने पळवाट काढलेली नाही. दरोड्याचं कारण पुढे आल्फ्रेडचा मित्र डॅरियस याच्या तोंडी येतं: नाताळ जवळ आला की शहरात लुटालूट वाढते. म्हणजे सुरुवातीचा तो भीषण प्रसंग वेगळा पडत नाही, साऱ्या सीझनची हवाच तो ठरवतो. मग विली काकाच्या घरचा प्रसंग. घरात मगर आहे अशी कुजबुज, दारात पोलीस, आणि काका-पुतण्याचं भांडण. आपणही या काकासारखेच हुशारी वाया घालवलेले होऊ, ही भीती अर्न बोलून दाखवतो. या भांडणात विनोद आहे, पण दुखणं पुसून टाकण्यासाठी नाही. आणि काकाने अर्नला दिलेलं सोनेरी पिस्तूल? ते थेट सीझनच्या शेवटच्या भागात, विमानतळावरच्या तपासणीपाशी बाहेर येतं. पहिल्या भागाच्या परीक्षणात पिस्तुलाची नोंद करणारा समीक्षक बरोबर ठरला असता. ते कशासाठी आहे हे छातीठोकपणे सांगणारा बहुधा चुकला असता.

कुठे बिघडतं? सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे नव्या प्रेक्षकासाठी केलेली उजळणी: नवरा बायकोला तिचीच नोकरी समजावून सांगतो. दुसरा, काळाची उडी मारून परिणाम गिळून टाकणं. जागा बदलणं हा मात्र आपोआप दोष नव्हे. उपनगरात गांजा विकणाऱ्या नॅन्सी या विधवेची मालिका ‘वीड्स’. तिच्या तिसऱ्या सीझनअखेर नॅन्सीने घराला आग लावली, आणि २००८च्या चौथ्या सीझनमध्ये कुटुंब मेक्सिकोच्या सीमेलगत गेलं. शीर्षकगीतही काढलं, कारण ते ज्या उपनगराची टर उडवत होतं ते उपनगरच उरलं नव्हतं. पान बदललं, पण बाकी लिहिलेली होती.

हशे मोजत बसू नका. ‘नर्स जॅकी’साठी अभिनेत्री इडी फाल्कोला २०१०चा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला तो कॉमेडीच्या गटात, आणि तिची व्यक्तिरेखा गोळ्यांच्या व्यसनात बुडालेली परिचारिका होती. पुरस्काराचा गट बघून अपेक्षा ठरवली की परीक्षण फसतं. त्यापेक्षा गंभीर प्रसंगानंतरचा पहिला विनोद कोण करतं ते टिपा. व्यक्तिरेखा स्वतःला सावरायला करत असेल तर तो लागतो. लेखक प्रेक्षकाला सावरायला करत असेल तर आधीचा प्रसंग वाया जातो.

आता लिहिण्याबद्दल. सहाशे शब्दांत कथानकाला दीडशेच्या वर देऊ नका. मागच्या सीझनचं मोकळेपणाने सांगा, नव्या भागातलं पहिल्या आठ-दहा मिनिटांपर्यंतच. वाहिनीने आगाऊ चार भाग पाठवले असतील तर किती पाहिले ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. चौथा भाग पाहून पहिल्याचं कौतुक केलंत, तर फक्त पहिलाच पाहणाऱ्या वाचकाला ते कळायला हवं.