ऑपरेशनआधीची सिगारेट

(निवेदन)

दृश्य : प्रयोगशाळा. टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी तपासण्यांची रांग लागते. रक्त, सोनोग्राफी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, दुर्बिणीतून जठराची पाहणी. काही ठिकाणी लघवीची आणखी एक तपासणी करतात, आणि ती साखरेची नसते. ती कोटिनीनची असते. तंबाखूतलं निकोटिन शरीरात मोडलं की हे कोटिनीन तयार होतं. निकोटिन काही तासांत ओसरतं, कोटिनीन मात्र काही दिवस मागे रेंगाळतं. ‘डॉक्टर, सिगारेट कधीच सोडली’ असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्याची बाटली भलतंच बोलून जाते.

दृश्य : नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत. पहिली पाळी सुटल्याची गर्दी, टपऱ्या.

सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात पाळीत काम करणारा चाळिशीतला माणूस डोळ्यांसमोर आणा. वजन सव्वाशे किलो, मधुमेह जडलेला, आणि घोरणं असं की घरचे दुसऱ्या खोलीत झोपतात. पाळी सुटली की चहा, चहासोबत सिगारेट. सर्जन त्याला म्हणतात, “तारीख देतो दादा, पण आधी ही बंद. किमान सहा आठवडे.” दादा मान डोलावतो. मनात मात्र विचार चालू : ऑपरेशन पोटाचं, धूर जातो छातीत, संबंध काय?

संबंध आहे, आणि तो अगदी रक्ताचा आहे.

दृश्य : जठराचं रेखाचित्र. आधी स्लीव्ह, मग बायपास.

स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीची लांबच लांब कड बारीक पिनांनी शिवतात. बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हीकडे सगळी भिस्त त्या शिवणीवर. ती भरून यायची तर तिथे भरपूर रक्त आणि रक्तातून ऑक्सिजन पोहोचायला हवा. निकोटिन नेमक्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रक्त कमी पोहोचतं, आणि जे पोहोचतं त्यात ऑक्सिजन कमी. शिवण कच्ची राहिली की गळती, पू, पुन्हा ऑपरेशन. शिवाय पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याची भीती, भुलीनंतर न्यूमोनियाची भीती.

बायपासवाल्यांना आणखी एक धोका असतो. जिथे जठराची पिशवी आतड्याला जोडलेली असते, तिथे आतड्याला आम्लाची सवय नसते. सिगारेट चालू असेल तर त्या जोडावर अल्सर होण्याची शक्यता बरीच वाढते. तो रक्त गाळतो, कधी फुटतोही. ऑपरेशन होऊन वर्षं उलटल्यावरसुद्धा.

दृश्य : कॉलेज रोडजवळचा कृषिनगर जॉगिंग ट्रॅक, सकाळ.

आता पेशंटच्या मनातली खरी भीती. सिगारेट सोडली की वजन वाढतं. ही अफवा नाही. निकोटिन भूक दाबतं आणि शरीराचा जाळ जरा मोठा ठेवतं. ते गेलं की पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो चढतात. जिभेला चव परत येते, रविवारची मिसळ अचानक जास्त झणझणीत लागते आणि दोन पाव वाढतात. वजन उतरवायला निघालेल्या माणसाला आधी वजन वाढवणारं काम सांगायचं, हा व्यवहार त्याला उफराटा वाटणारच. पण हिशेब मांडून पाहा. चढलेले चार-पाच किलो ऑपरेशननंतर उतरतात. फुटलेल्या शिवणीचं तसं नाही.

दुसरी अडचण कुणी मोठ्याने सांगत नाही. सकाळी सिगारेट ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं, चिडचिड होते, झोप मोडते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. मग तलफ विरळ होत जाते, एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते. कोमट पाणी, फेरफटका, गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेलं इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचं निभतं. एक मात्र पाळावं. ऑपरेशनआधी यकृत लहान करण्यासाठी दोनेक आठवडे पातळ आहार देतात, सिगारेट त्याच्या बरीच आधी सुटलेली असावी. भूक आणि तलफ एकाच आठवड्यात अंगावर घेणं शहाणपणाचं नाही.

आणि सहा आठवडे हातात नसतील तर? ऑपरेशनच्या तोंडावर सोडलं तर फुफ्फुसाचा त्रास वाढतो, अशी जुनी समजूत आहे. पुढच्या अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही. चार दिवस उरले असतील तर चार दिवस सोडा. कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच रक्तातून निघून जातो.

दृश्य : टपरीवर सुटी सिगारेट. पाकिटाची कड.

२०१८पासून सिगारेटच्या पाकिटावर एक फुकट नंबर छापलेला असतो : १८००-११-२३५६. सोडायला मदत करणारी राष्ट्रीय हेल्पलाइन. गंमत अशी की सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्रात २०२०पासून सुटी विक्री बंद आहे, कागदावर.

दृश्य : सिन्नरच्या वाटेवरचं गाव. ओसरीवर बसलेल्या बायका.

सिन्नर एकेकाळी विड्यांसाठी ओळखलं जाई. घराघरांत सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळत. या भागात तंबाखू परकी नाही, म्हणूनच दवाखान्यात विचारला जाणारा ‘सिगारेट ओढता का?’ हा प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. मावशी खरंखुरं ‘नाही’ म्हणतात, कारण त्या मशेरी लावतात. दादा सिगारेट सोडतो आणि पाळीतल्या मित्राच्या डबीतून चुना मळून बार भरतो. धूर गेला, निकोटिन राहिलं. तेच निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, तपासणीतही त्याचंच कोटिनीन दिसतं. मशेरी, बार, हुक्का, चोरून मिळणारं व्हेप, सगळं सर्जनला सांगावं लागतं. निकोटिनचं च्युइंग गम किंवा पट्टीसुद्धा. तीही तपासणीत उमटते, आणि ती कधी थांबवायची ते सर्जनच ठरवतात. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नकोत.

दृश्य : दवाखाना, वर्षभरानंतरची तपासणी. वजनकाटा.

ऑपरेशननंतर पुन्हा ओढायला लागणारे बरेच असतात. खाण्यातली मजा कमी झालेली असते, हात रिकामे असतात, लग्नाच्या मांडवात कुणीतरी ‘एकानं काय होतं’ म्हणतं. बायपास झालेल्याने सिगारेट, आणि मेडिकलमधून मनानेच घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, दोन्हींपासून जन्मभर लांब राहायचं असतं. दोन्ही त्याच जोडावर घाव घालतात. म्हणून वर्षभरानंतरच्या तपासणीत काट्यावरचा आकडा बघून झाला, की सर्जनने तंबाखूचंही विचारायला हवं, सगळे प्रकार नावानिशी घेऊन. त्यांनी नाही विचारलं तर तुम्ही सांगा.